आजोबांची ८ मिमीची जुनी रिळं घरी साफ करता येतील का? गोव्याच्या दमट हवेत ती टिकवायची कशी?

तुम्ही लिहिलंय की डिचोलीच्या घरात माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांनी काढलेली रिळं सापडली. काहींना आंबट वास येतोय, काहींवर पांढरं धरलंय. ओल्या फडक्याने पुसून एक दिवस ऊन दाखवावं का, आणि सोबतचा प्रोजेक्टर चालू होतोय तर एकदा लावून बघावं का, असं तुम्ही विचारलंय. पाणी नको, ऊन नको आणि प्रोजेक्टर तर अजिबात नको. आमच्या घरची आणि फोंड्यातल्या काही ओळखीच्या घरांची रिळं मी हाताळली आहेत, त्यावरून सांगतो. पुसणं हा यातला सगळ्यात छोटा भाग आहे. आपल्याकडे फिल्मचा खरा वैरी दमट हवा. धुळीचा नंबर बराच नंतर लागतो. ती हवा आवरली नाही तर आज पुसलेलं रीळ पुढच्या चवथीपर्यंत (गणेशचतुर्थीपर्यंत) पुन्हा तसंच होईल.

प्रोजेक्टरचं आधी सांगतो, कारण तो मोह सगळ्यांना होतो. घरातली म्हातारी माणसं समोर बसलेली असतात, ‘लाव बघू’ म्हणतात. पण जुनी फिल्म आकसलेली असते. ती १ टक्का आकसली, तरी दर १०० चौकटींमागे (फ्रेममागे) १ चौकट कमी पडते. प्रोजेक्टरची फिल्म ओढणारी नखी मात्र कडेच्या छिद्रांमधलं मूळचंच अंतर धरून चालते, मग ती छिद्रं फाडत जाते. फिल्म मध्येच अडकली तर दिव्याच्या उष्णतेने तिथे फोड येऊन भोक पडतं. चाळीस-पन्नास वर्षांत प्रोजेक्टरचे रबरी पट्टेही चिकट होऊन वितळलेले असतात. नुसती मोटर फिरते म्हणजे यंत्र ठीक आहे असं नव्हे. प्रोजेक्टर शोकेसमध्ये ठेवा, छान दिसतो.

आता ट्रंक खाली आणा आणि रिळं ओळखायला बसा. छिद्र लहान आणि चौकटीच्या बरोबर मध्यावर असेल तर ते सुपर ८, जे कोडॅकने १९६५ मध्ये आणलं. छिद्र मोठं आणि दोन चौकटींच्या सीमेवर असेल तर ते साधं ८ मिमी, १९३२ पासूनचं. फिरकीच्या मधल्या भोकावरूनही कळतं: सुपर ८ चं भोक मोठं, साध्याचं बारीक. फरक कळायलाच हवा, कारण स्कॅन करणारा पहिला प्रश्न तोच विचारेल. तळहाताएवढी, तीन इंची फिरकी म्हणजे ५० फूट फिल्म. त्यात साध्या ८ मिमीची साधारण चार मिनिटं मावतात, सुपर ८ ची तीन मिनिटं वीस सेकंद. आख्खं लग्न आजोबांनी चार मिनिटांत बसवलेलं असतं. आजच्या लग्नाच्या व्हिडिओवाल्यांनी हे जरूर बघावं.

मग वास. प्रत्येक डबा उघडून नाकाजवळ न्या. विनेगरसारखा वास आला की समजा, फिल्मचा पायाच कुजू लागलाय. पाया म्हणजे चित्राच्या लेपाखालची प्लास्टिकची पट्टी; घरगुती फिल्मची ती बहुतेक ॲसिटेटची असते. उष्णता आणि दमटपणा मिळाला की तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं आणि ते आम्लच पुढची कूज आणखी वाढवतं. एकदा सुरू झालं की परत फिरत नाही, फक्त मंदावता येतं. अमेरिकेतल्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटच्या हिशेबाने २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेत ताज्या ॲसिटेट फिल्मची ही गत व्हायला सुमारे ५० वर्षं लागतात. आपल्या कौलांखालच्या माळ्यावर मे महिन्यात काय होतं आणि जुलैत काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. आंबट वासाची रिळं आजच वेगळ्या खोलीत हलवा. त्यांची वाफ चांगल्या रिळांनाही बाधते. स्कॅनिंगलाही आधी तीच पाठवायची, भले त्यांत काय आहे ते माहीत नसो. चांगली रिळं दोन वर्षं थांबतील, ही थांबणार नाहीत.

पांढऱ्याबद्दल घाई करू नका. सगळं पांढरं बुरशी नसतं. आंबट वास येणाऱ्या रिळाच्या कडांवर बारीक चमकदार कण किंवा पूड दिसली, तर ते बहुधा फिल्म लवचिक राहावी म्हणून कारखान्यातच घातलेलं द्रव्य असतं. पाया कुजला की ते बाहेर येतं. बुरशी जाळ्यासारखी, धाग्यांची असते आणि तिला ओल्या भिंतीचा कुबट वास येतो.

ही बुरशी फिल्मवरच्या जिलेटिनवर जगते, आणि चित्र त्या जिलेटिनच्या लेपातच असतं. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. म्हणजे ओलं फडकं फिरवलंत की बुरशीबरोबर आजोबाही पुसले जातील. साबणाचं पाणी, काच पुसायचा स्प्रे, मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट, सॅनिटायझर, या सगळ्यांत पाणी असतं. एकही वापरू नका. आणि ऊन पापडांना, गोधड्यांना दाखवावं; फिल्म उन्हात आणखी आकसते, वाकते आणि तिचे रंग उडतात.

बुरशी आधी कोरडी होऊ द्यायची. ओलसर असताना पुसली तर ती लेपावर फासली जाते. रिळं एसीच्या किंवा डीह्युमिडिफायरच्या (हवेतली ओल काढणाऱ्या यंत्राच्या) खोलीत काही दिवस उघडी ठेवली की तिची भुकटी होते. हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत काढा. पावसात रीळ उघडून बसण्यात अर्थ नाही, तुम्ही पुसत असतानाच ते ओल शोषत असतं. भुकटी झाली की बाहेर ओट्यावर, एन-९५ मास्क लावून, आधी फिरकीच्या कडांवरून मऊ ब्रश फिरवा. दम्याच्या माणसाने यात पडूच नये.

पुसायला हाताने फिरवायचे दोन रिवाइंडर, म्हणजे फिरक्या अडकवून फिल्म गुंडाळायची साधनं, लागतात. जुन्या बाजारात किंवा ऑनलाइन मिळतात, आणि कदाचित त्याच ट्रंकेत एडिटरसोबत (फिल्म बघून कापायच्या-जोडायच्या यंत्रासोबत) असतील, नीट बघा. धागे न सोडणारं मऊ सुती कापड किंवा मखमल घडी करून दोन बोटांत फिल्मभोवती अलगद धरायची आणि दुसऱ्या हाताने सावकाश फिरवायचं. कापडावर काळी रेघ उमटली की घडी बदला. हे विसरलात तर कापडात अडकलेला वाळूचा कण पूर्ण पन्नास फुटांवर चरा काढेल. हातमोजे घाला आणि फिल्म कडांनीच धरा. मंद दिसणारी बाजू लेपाची, चकचकीत ती पायाची. लेपाच्या बाजूवर कधीच दाबायचं नाही.

एवढ्याने बरंच निघतं. उरलेल्या तेलकट डागांसाठी ९९ टक्के शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. ते प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानात मिळतं. ७० टक्क्यांचं चालत नाही, उरलेलं ३० टक्के पाणीच असतं. आधी टोकाच्या कोऱ्या तुकड्यावर करून बघा. रंग कापडावर उतरला तर तिथेच थांबा. कापड जेमतेम दमट करा आणि इतकं हळू फिरवा की फिरकीवर गुंडाळण्याआधी फिल्म पूर्ण वाळलेली असेल. खिडक्या उघड्या हव्यात आणि स्वयंपाकघरात गॅस पेटलेला नको, कारण हे चटकन पेट घेतं. फिल्मच्या कडेला तपकिरी पट्टी असेल तर तो चुंबकीय ध्वनिपट्टा. तिथे अल्कोहोल लावू नका, नुसतं कोरडं कापड फिरवा. आंबट वासाच्या, कडक होऊन मोडू पाहणाऱ्या रिळांनाही अल्कोहोल नकोच. त्यांना घरी उलगडायचा हट्टसुद्धा धरू नका.

जुने सांधे पुसताना सुटतील, घाबरू नका. ते फिल्मच्या खास सांध्याच्या टेपने जोडतात. साधी सेलोटेप लावलीत तर तिचा डिंक पाझरून शेजारचे दोन वेढे एकमेकांना चिकटतील.

रंगांविषयी एक दिलासा. कोडाक्रोम ही कोडॅकची रंगीत फिल्म अंधारात फार काळ रंग धरून ठेवते. तिचं प्रोसेसिंग २०१० च्या अखेरीस जगभरातून बंद झालं, पण साठ वर्षांपूर्वीच्या रिळांतले रंग आजही ताजे दिसतात. आमच्या घरच्या एका रिळात चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, आहे. सुपाऱ्यांचे घोस, तोरिंगं, घागऱ्या, सगळं आज बांधल्यासारखं. तेव्हाच्या इतर कंपन्यांच्या काही फिल्म मात्र पार तांबूस होतात. तो तांबूसपणा पुसून जात नाही, स्कॅननंतर संगणकावर थोडाफार दुरुस्त होतो.

कोडॅकच्या फिल्मच्या कडेला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात. त्यांवरून फिल्म कारखान्यात कधी बनली ते कळतं. खुणा २० वर्षांनी पुन्हा त्याच येतात, म्हणून चित्रातला पुरावाही लागतो. मांडवीवर पूल दिसतोय की नुसत्या फेरीबोटी? पूल असेल तर तो १९८६ मध्ये कोसळलेला की नंतरचा? पणजीच्या इमारतीवर झेंडा कुठला? १९ डिसेंबर १९६१ च्या, म्हणजे गोवा मुक्तीच्या, आगेमागचं काही निघालं तर ते तुमच्या घरापुरतं राहत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला एक पत्र टाकायला हरकत नाही. ते १९६४ पासूनचं आहे आणि आता एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या) छत्राखाली आलंय.

स्कॅनिंग कुठे करायचं ते तुम्ही विचारलं नाहीत, पण तो प्रश्न येणारच. एका स्टुडिओवाल्याने आमच्या ओळखीच्यांची रिळं भिंतीवर पाडून कॅमेऱ्याने टिपली आणि त्याला डिजिटायझेशन म्हटलं. चित्र लुकलुकतं, कडा काळ्या, आणि मूळ फिल्मवर चरे पडले ते वेगळेच. मुंबई-पुण्याकडे पाठवायच्या आधी फोनवर विचारा: एकेक चौकट स्वतंत्र स्कॅन होते का? यंत्र फिल्मला छिद्रांत दात घालून ओढतं की रबरी रुळांवरून नेतं? आकसलेल्या फिल्मला रूळच हवेत. फाइल साध्या ८ मिमीसाठी सेकंदाला १६ चौकटींच्या आणि सुपर ८ साठी १८ च्या वेगाने मिळेल का? हा वेग चुकला की आजी चार्ली चॅप्लिनसारखी तुरुतुरु चालते. यावर माणूस गडबडला तर दुसरा बघा.

स्कॅन झालं की मूळ रिळं टाकून देऊ नका. हार्ड डिस्क दहा वर्षांत दगा देऊ शकते, थंड कोरड्या जागेतली फिल्म तिच्याहून कितीतरी जास्त टिकते. गंजलेले पत्र्याचे डबे काढून पॉलिप्रोपिलिनचे, थोडी हवा खेळेल असे डबे घ्या. माळा नको, आणि पावसात ओल धरणाऱ्या चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला लागून कपाटही नको. घराच्या मधल्या खोलीत, जमिनीपासून वर ठेवा. आत स्वस्तातलं आर्द्रतामापक ठेवा, आकडा ३० ते ५० च्या दरम्यान हवा. ६० च्या वर जाऊन राहिला की बुरशी परत आलीच. निळी सिलिका जेल गुलाबी पडली की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येते. पावसाळ्यात ती सारखी बदलावी लागते, त्याला इलाज नाही. डांबरगोळ्या कपड्यांच्या कपाटातच बऱ्या.

आंबट वासाच्या रिळांना फ्रीझर हा सगळ्यात चांगला उपाय. कोरड्या दिवशी जिपच्या पिशवीत, हवा काढून, त्यावर दुसरी पिशवी घालून ठेवा. आपल्याकडे पावसात वीज जाते-येते, तेव्हा बाहेर दव धरलं तरी ते दुसऱ्या पिशवीवर थांबतं. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद राहू द्या, लगेच उघडलीत तर ते सगळं दव फिल्मवर बसेल.

कुरिअरने पाठवताना एक्स-रेची चिंता नको. एकदा डेव्हलप झालेल्या फिल्मला त्याने काही होत नाही. मात्र प्रत्येक डब्यावर क्रमांक टाका आणि डब्यांवरच्या आजोबांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांचे फोटो आधी काढून ठेवा. सगळी रिळं एकाच खोक्यात पाठवू नका.