पहिलं महायुद्ध चालू असताना रशियाच्या झारची सत्ता का गेली?

राजधानीतल्या सैनिकांनी लोकांवर गोळ्या झाडायला नकार दिला आणि सेनापतींनीही साथ सोडली, म्हणून मार्च 1917 मध्ये दुसऱ्या निकोलसला पायउतार व्हावं लागलं. 1915 मध्ये त्याने सरसेनापतिपद स्वतःकडे घेतलं, ही माझ्या मते सर्वांत मोठी चूक. त्यानंतर प्रत्येक पराभवाचं खापर थेट त्याच्याच डोक्यावर फुटू लागलं आणि तो मोगिल्योवच्या छावणीत असताना राजधानीचा कारभार विस्कटत गेला. देशात धान्य होतं, पण युद्धाच्या ताणाने रेल्वे कोलमडली होती. राजधानी पेत्रोग्रादमध्ये (आजचं सेंट पीटर्सबर्ग) बायका कडाक्याच्या थंडीत पावासाठी तासन्‌तास रांगेत उभ्या राहायच्या. 8 मार्चला, महिला दिनी, कापड गिरण्यांतल्या कामगार बायकाच आधी रस्त्यावर उतरल्या. 11 तारखेला जमावावर गोळीबार झाला आणि दुसऱ्याच दिवशी, गोळीबारात भाग घेतलेली व्होलिन्स्की पलटण उलटली. झारची परतीची गाडी प्स्कोव्हला अडकली. तिथे आघाड्यांवरच्या सेनापतींच्या तारा त्याच्यापुढे ठेवल्या गेल्या: गादी सोडा. 15 मार्चला त्याने सही केली. ‘सगळीकडे फितुरी, भ्याडपणा आणि फसवणूक’ असं त्याने त्या रात्री रोजनिशीत लिहिलं. ती रोजनिशी आणि त्या तारा दोन्ही छापून प्रसिद्ध झाल्या आहेत, जरूर वाचा. मात्र हे लेनिनने घडवलं असं समजू नका. तो तेव्हा झुरिकमध्ये होता. त्याच्या बोल्शेविक पक्षाने नोव्हेंबरमध्ये उलथवलं ते झारनंतर आलेलं हंगामी सरकार.