गुडघ्याची तपासणी १४ मिनिटांत आटोपली

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकन सैन्यात सहा वर्षं पॅराट्रूपर होता. फोर्ट ब्रॅगला असताना एका उडीत उजवा गुडघा दुखावला, पुढे पाठही धरायला लागली. व्हीएकडे, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याकडे, अपंगत्व-भरपाईचा अर्ज केला, तर तपासणीचं बोलावणं एका खासगी कंपनीकडून आलं. मीच त्याला घेऊन गेले. दंतवैद्याच्या शेजारी भाड्याने घेतलेल्या दोन खोल्या. १४ मिनिटांत तो बाहेर. मार्चमध्ये पत्र आलं : गुडघ्याला १० टक्के अपंगत्व, पाठ नामंजूर, कारण सेवेतल्या वैद्यकीय नोंदींत पाठदुखीचा उल्लेख नाही. कंपनीला फोन केला तर म्हणाले, निर्णयाशी आमचा संबंध नाही. सैनिकांची तपासणी सरकारने ठेकेदाराला का द्यावी? आणि आता आम्ही काय करायचं?
– एक आई, न्यू जर्सी

उत्तर : ताई, निवृत्तीआधी पाच वर्षं मी अशाच एका ठेकेदार कंपनीसाठी या तपासण्या करत होते. तुमचा मुलगा ज्या टेबलासमोर बसला, त्याच्या पलीकडच्या खुर्चीतून लिहिते आहे असं समजा.

फोनवर कंपनी खरं तेच बोलली. तपासणी मागवते ती व्हीएची भरपाई बघणारी शाखा, व्हीबीए. आमच्यासारखे डॉक्टर फक्त डीबीक्यू नावाचा प्रश्नांचा फॉर्म भरतात. टक्के ठरवतो व्हीएचा अधिकारी, आणि तो तुमच्या मुलाला कधीच पाहत नाही. त्याच्यासमोर असते ती फाईल आणि आमचा फॉर्म. म्हणून कंपनीशी भांडण्यात तुमचे दिवस घालवू नका.

ठेकेदार का, तर व्हीएच्या हॉस्पिटलांतल्या डॉक्टरांचा वेळ उपचारांसाठी हवा आणि दाव्यांचा ढीग काही थांबत नाही. १९९६च्या कायद्याने दहा प्रादेशिक कार्यालयांपुरता प्रयोग करायला परवानगी मिळाली, १९९८ मध्ये क्यूटीसी या कंपनीला पहिलं कंत्राट गेलं आणि २०१६पासून अनेक कंपन्यांना देशभरातलं काम वाटून दिलं. ऑगस्ट २०२२च्या पॅक्ट कायद्याने विषारी धुराचे वगैरे दावे सोपे केले, तेव्हा अर्जांना पूर आला. आज बहुतेक तपासण्या ठेकेदारच करतात. धंदा केवढा मोठा, तर मॅक्सिमसने २०२१ मध्ये या क्षेत्रातली व्हीईएस ही कंपनी १४० कोटी डॉलरना विकत घेतली. सरकारी हिशेब तपासणाऱ्या जीएओने ऑक्टोबर २०१८च्या अहवालात व्हीबीएलाच कानपिचक्या दिल्या होत्या : १०० पैकी ९२ अहवाल बिनचूक हवेत असं लक्ष्य, आणि बहुतेक कंपन्यांचे गुण त्याच्या बरेच खाली.

ठेकेदारीच मुळात वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. मला टोचायचा तो पैशाचा हिशेब. आम्हाला फॉर्मामागे पैसे मिळायचे, फाईल वाचण्याचे वेगळे नाहीत. आठशे पानांची फाईल रात्री जेवणानंतर वाचायची की चाळायची, हे ज्याच्या त्याच्या मनावर. तुमच्या मुलाच्या पाठीचं काय झालं असेल, याचा मला अंदाज येतो.

आता ती १४ मिनिटं. अपिलात एवढ्यावर भर देऊ नका. तपासणी किती वेळ चालली यापेक्षा तीत काय राहून गेलं ते बघतात. मुलाला एकच विचारा : डॉक्टरांनी गोनिओमीटर लावला का? प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या, मधोमध खिळा, अंशांच्या खुणा. खिळा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला टेकवायचा, एक पट्टी मांडीवरून खुब्याकडे, दुसरी घोट्याकडे. मग म्हणायचं, वाकव, दुखायला लागलं की सांग. व्हीएच्या लेखी निरोगी गुडघा १४० अंशांपर्यंत वाकतो. तो ४५वरच अडला तर १० टक्के, ३०वर अडला तर २०. मग तीनदा वाकवून पुन्हा मोजायचं, कारण पहिल्यांदा कुणीही दात-ओठ खाऊन वाकवतो. नुसत्या डोळ्यांनी पाहून ‘साधारण ११०’ लिहिलं असेल, तर तो दोष अहवालातून दाखवता येतो.

आणि दुखणं उफाळून येतं त्या दिवसांचं. तपासणीच्या दिवशी गुडघा बरा असला, तरी वाईट दिवशी किती वाकतो, ते दिवस महिन्यातून किती येतात, हे विचारून डॉक्टरने अंदाज द्यायचा असतो. ‘माझ्यासमोर उफाळलं नाही, म्हणून सांगता येत नाही’ एवढं लिहून सुटता येत नाही, हे माजी सैनिकांच्या अपील न्यायालयाने २०१७ मध्ये शार्प खटल्यात स्पष्ट केलं आहे.

पण ताई, अर्धी चूक आपल्याच पोरांची असते. माझ्याकडे एक मुलगा आला होता, आपल्याकडचाच. गुडघा कसा आहे विचारलं तर म्हणे, ठीक आहे, मॅडम. सगळ्याला ठीक आहे. उठताना मात्र टेबलाची कड धरली, आणि माझी नजर बुटांवर गेली. डाव्या टाचेची कड पार झिजलेली, उजवी जवळजवळ नवी. म्हणजे सगळा भार डाव्या पायावर. फॉर्मात बुटांसाठी रकाना नाही. मी विचारलं, जिना उतरतोस कसा? जरा थांबून म्हणाला, गेल्या वर्षी पलंग खाली आणला. ते मी लिहिलं. ‘ठीक आहे’ लिहून थांबले असते तर अधिकाऱ्याला तेवढंच दिसलं असतं. रडगाणं गायचं नाही हे आपण मुलांना शिकवतो, सैन्य तेच आणखी घट्ट करतं, आणि मग या खोलीत ते अंगाशी येतं.

पाठीचं तुमचं प्रकरण मला भक्कम वाटतं. ‘नोंदीत उल्लेख नाही, म्हणून सेवेशी संबंध नाही’ एवढ्याच आधारावरचं मत न्यायालयाने २००७च्या डॅल्टन खटल्यात अपुरं ठरवलं आहे. सैनिक स्वतः काय सांगतो तेही विचारात घ्यावं लागतं. दुसरी वाट कदाचित जास्त सोपी : गुडघ्यामुळे लंगडून लंगडून पाठ गेली असेल, तर तिला मंजूर गुडघ्याच्या मागोमाग आलेली, म्हणजे ‘सेकंडरी’ व्याधी म्हणून मागता येते. इथे डॉक्टरचं मत लागेल की संबंध असण्याची शक्यता निम्मी तरी आहे. निम्मी पुरते, पारडी समसमान असली तर संशयाचा फायदा सैनिकाला, असा कायदाच आहे.

पत्राच्या तारखेपासून एक वर्ष हातात आहे. त्यात अर्ज केला तर मंजुरी मूळ अर्जाच्या तारखेपासून धरली जाऊ शकते. आधी तपासणी-अहवालाची प्रत मागवा, फॉर्म २०-१०२०६. ती हातात आल्याशिवाय पुढचं काही लिहू नका. ‘हायर लेव्हल रिव्ह्यू’, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरविचार, त्यात नवा कागद जोडता येत नाही, फक्त जुन्यातल्या चुका दाखवायच्या. तुम्हाला नवं सांगायचंय, म्हणून मी ‘सप्लिमेंटल क्लेम’, म्हणजे नव्या पुराव्यासह पुन्हा दावा, फॉर्म २०-०९९५, निवडला असता. सोबत मुलाच्या डॉक्टरचं मत, उडीच्या दिवशी बरोबर असलेल्या एखाद्या सोबत्याचं निवेदन आणि तुमचं स्वतःचं. हो, आईचं निवेदन चालतं. त्यासाठी फॉर्म २१-१०२१० आहे. ‘माझा मुलगा फार त्रासात आहे’ असं लिहू नका. सैन्यातून आला तेव्हा कसा चालायचा, गाडीतून उतरताना काय धरतो, कोणती कामं सोडली, हे तुमच्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. इंग्रजी मोडकं असलं तरी हरकत नाही.

पुन्हा तपासणीला बोलावलं तर चुकवायचं नाही. अडचण असेल तर आधी कळवून तारीख बदलून घ्या. न गेल्यामुळे दावा बुडालेले मी पाहिले आहेत.

फरक किती पडेल? २०२५च्या दराने १० टक्क्यांना महिना १७५.५१ डॉलर. पाठीला २० मिळाले तर व्हीएच्या गणितात १० आणि २० मिळून २८ होतात (उरलेल्या ८० चे १० टक्के धरतात), ते जवळच्या दहाच्या पटीत ३०, आणि ३० टक्क्यांना ५३७.४२ डॉलर; बायकामुलं असतील तर थोडे वर. हे सगळं भरून द्यायला डीएव्ही किंवा अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटना किंवा तुमच्या काउंटीचा व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसर फुकट मदत करतो. ‘टक्के वाढवून देतो, पाच महिन्यांची वाढीव रक्कम आम्हाला द्या’ म्हणणारे भेटतील. त्यांच्याकडे व्हीएची मान्यता आहे का, एवढं विचारा. बहुतेक वेळा फोन तिथेच ठेवला जातो.

प्रश्न : मी नर्स प्रॅक्टिशनर आहे. एका कंपनीने या तपासण्यांचं काम देऊ केलं आहे. परवाना एकाच राज्याचा आहे. घेऊ का?
– टेक्सास

उत्तर : जानेवारी २०२१च्या कायद्याने डॉक्टरांखेरीज तुमच्यासारख्यांनाही या ठेक्याखाली दुसऱ्या राज्यात तपासणी करण्याची सवलत दिली, पण ती मुदतीची होती, आज लागू आहे हे कंपनीकडून लेखी घ्या. घ्यायचं तर घ्या, पण दिवसाला किती फॉर्म देणार ते आधी ठरवा. मी सहावर अडून बसले, दोनदा वाद झाला, तिसऱ्यांदा त्यांनी मान्य केलं. आणि गोनिओमीटर स्वतःचा न्या, तिथले अर्धे ढिले असतात.