पातळी विचारली तर काय लिहायचं?

रोलप्लेच्या, म्हणजे एकेकाने आपलं पात्र घेऊन आळीपाळीने गोष्ट लिहिण्याच्या, सर्व्हरवर (ऑनलाइन गटात) शिरताना तुझी लेखनाची पातळी विचारतील: सेमी-लिटरेट, लिटरेट, नॉव्हेला वगैरे. घाबरू नकोस, ही काही बोर्डाची परीक्षा नाही. प्रत्येक गटाची मोजपट्टी वेगळी. एकीकडे दोन परिच्छेदांत लिटरेट ठरशील, दुसरीकडे तेवढ्यावर जेमतेम काठावर पास. ढोबळमानाने वन-लायनर म्हणजे एक-दोन ओळी आणि नॉव्हेला म्हणजे पानंच्या पानं. डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपच्या फुकट खात्यात एका मेसेजला २००० अक्षरांची मर्यादा आहे, म्हणून नॉव्हेलावाले एकच उत्तर तुकड्या-तुकड्यांनी टाकतात. (वाचताना दम लागतो, ते सोड.)

पण लांबीला भुलू नकोस. समोरच्याने लिहिलं, 'तिने दार उघडलं', आणि तू पडद्याच्या रंगावर चार परिच्छेद खर्ची घातलेस, तर त्याने पुढे करायचं काय? त्यापेक्षा 'दारातल्या शिपायाने भाला आडवा धरला. "परवाना दाखव."' एवढंही पुरतं, कारण आता तिला काहीतरी करावंच लागतं. मात्र तिने परवाना दाखवला, असं तूच लिहून मोकळा होऊ नकोस. समोरच्याचं पात्र असं आपणच चालवण्याला गॉडमॉडिंग म्हणतात, आणि त्यापायी भलेभले लिहिणारे गटाबाहेर गेलेत.

तेव्हा अर्जात नुसतं लेबल चिकटवू नकोस. 'दोन-तीन परिच्छेद, तृतीय पुरुष, भूतकाळ, आठवड्यातून दोनदा उत्तर' असं सरळ लिही. नमुना मागितला तर पात्राच्या डोळ्यांचं वर्णन नको, दोघांच्या संवादाचा एखादा तुकडा दे.