शंका, सावली आणि मुंगूस : इंग्रजी शब्दांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत नववीत शिकते. रोज दहा इंग्रजी शब्द ती अर्थासह वहीत लिहून पाठ करते. परंतु निबंध लिहायला बसली की त्यांतला एकही शब्द तिला सुचत नाही, आणि सुचलाच तर नको त्या जागी जाऊन बसतो. ही पद्धतच चुकीची आहे का?
— एक पालक, सांगली

उत्तर : मुलीच्या कष्टांत काही उणे नाही, उणीव आहे ती वहीच्या आखणीत. डावीकडे इंग्रजी शब्द, मध्ये उभी रेघ आणि उजवीकडे एक मराठी शब्द, अशी वही आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी घातलेली आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. माझ्या पिढीला ते पाचवीत भेटले. भेट चार वर्षे अलीकडे आली, पण ती उभी रेघ मात्र तशीच राहिली आहे, आणि रेघेच्या अलीकडचा शब्द पलीकडच्या शब्दाच्या बरोबरीचा आहे असे ती मुलांच्या मनावर ठसवत राहते.

हे खरे आहे का, ते उलट बाजूने तपासून पाहावे. ‘काढणे’ हे आपले रोजचे क्रियापद घ्या. आपण चित्र काढतो, फोटो काढतो, तिकीट काढतो, केर काढतो, बँकेतून कर्ज काढतो आणि दुपारी जेवल्यावर घटकाभर झोपही काढतो. इंग्रजीत चित्रासाठी ‘ड्रॉ’, फोटोसाठी ‘टेक’, तिकिटासाठी ‘बाय’, केरासाठी ‘स्वीप’, कर्जासाठी ‘टेक आउट’ आणि झोपेसाठी पुन्हा ‘टेक’ लागते. म्हणजे ‘काढणे याला इंग्रजीत काय म्हणतात’ या प्रश्नाला उत्तरच नाही. ‘केर काढणे याला काय म्हणतात’ याला मात्र अगदी नेमके उत्तर आहे. मराठी शिकणाऱ्या एखाद्या इंग्रज मुलाने ‘ड्रॉ म्हणजे काढणे’ एवढेच लिहून ठेवले, तर त्याचीही हीच गत होईल, कारण पडदा ‘ड्रॉ’ केला की आपण तो ओढला असे म्हणतो आणि सामना ‘ड्रॉ’ झाला की तो बरोबरीत सुटला असे म्हणतो.

म्हणून मुलीला सांगावे की दहाऐवजी तीनच शब्द घे, पण प्रत्येक शब्द त्याच्या सोबत्यासह आणि एका पूर्ण वाक्यात लिही. ‘हेवी म्हणजे जड’ असे लिहिण्यापेक्षा वहीच्या एका पानावर ‘हेवी रेन’, ‘हेवी ट्रॅफिक’ आणि ‘हेवी स्मोकर’ असे तीन प्रयोग लिहावेत आणि त्यांच्यासमोर जोराचा पाऊस, वाहनांची प्रचंड गर्दी आणि सतत सिगारेट ओढणारा माणूस असे लिहावे. या तिन्हींत ‘जड’ हा शब्द कुठेच येत नाही, हे तिचे तिलाच दिसेल. त्याखाली ‘हेवी हार्ट’ लिहिले की जड अंतःकरण सापडेल आणि तिला आनंद होईल. शब्द जेथे वाचला त्या धड्याचे किंवा बातमीचे नावही बाजूला लिहावे. आठवण शब्दापेक्षा प्रसंगाला धरून राहते, असा मला शिकवताना वारंवार अनुभव आला.

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करतो. दूरस्थ बैठकीत त्याने ‘आय हॅव अ डाउट’ असे म्हणताच इंग्लंडमधल्या सहकाऱ्याने चिंतेने विचारले की योजनेतला कोणता भाग तुला पटलेला नाही. मुलाला तर फक्त एक माहिती विचारायची होती. चूक कोणाची?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : चूक कोणाचीच नाही, दोघेही आपापल्या भाषेला धरूनच बोलले. मराठीत ‘शंका’ हा शब्द दोन कामे करतो. विद्यार्थी गुरुजींकडे शंका विचारायला जातो तेव्हा त्याला धड्यातले काही समजलेले नसते आणि ते समजून घ्यायचे असते. त्याच्या हेतूविषयी मला शंका आहे, असे आपण म्हणतो तेव्हा मात्र विश्वास उणा पडलेला असतो. इंग्लंडमधल्या वापरात ‘डाउट’ हा शब्द यांतले दुसरे काम करतो. पहिल्या कामासाठी तेथे ‘क्वेश्चन’ किंवा ‘क्वेरी’ आहे, म्हणून आपल्या मुलाने ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणावे. आपल्याकडच्या वर्गांत मात्र ‘डाउट’ हा शब्द पहिल्या अर्थाने इतका रुळलेला आहे की त्याला अशुद्ध ठरवून मुलांना टोकत बसावे असे मला वाटत नाही. कोणाशी बोलतो आहोत याचे भान राहिले की पुरे.

याच शब्दाजवळ एक खरा खड्डा आहे आणि त्यात चांगले शिकलेले लोकही पडतात. शब्दकोशात ‘डाउट’ म्हणजे संशय घेणे आणि ‘सस्पेक्ट’ म्हणजेही संशय घेणे असे लिहिलेले असते, परंतु या दोन क्रियापदांची तोंडे विरुद्ध दिशांना आहेत. ‘आय डाउट दॅट ही टूक द मनी’ याचा अर्थ त्याने पैसे घेतले असतील असे मला वाटत नाही. ‘आय सस्पेक्ट दॅट ही टूक द मनी’ याचा अर्थ त्यानेच पैसे घेतले असावेत असे मला वाटते. पहिल्या वाक्यात तो माणूस सुटतो आणि दुसऱ्यात अडकतो. कार्यालयाच्या पत्रात ही अदलाबदल झाली तर एका निरपराध माणसावर आळ येऊ शकतो, इतका हा भेद महत्त्वाचा आहे. लक्षात ठेवायला आपली वर्तमानपत्रेच मदत करतील : ‘बेनिफिट ऑफ डाउट’ म्हणजे संशयाचा फायदा, तो मिळालेला आरोपी सुटतो आणि फलंदाज नाबाद ठरतो, ‘सस्पेक्ट’ म्हणजे संशयित, त्याला पोलीस चौकशीसाठी नेतात.

प्रश्न : ‘आम्ही झाडाच्या सावलीत बसलो’ याचे इंग्रजी करताना मी ‘शॅडो’ लिहिले आणि गुण गेले. सावलीला ‘शॅडो’ म्हणत नाहीत का?
— आठवीतली एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : म्हणतात, पण बसायच्या सावलीला नाही. परभणीच्या मे महिन्यातल्या दुपारी लिंबाखाली जो गारवा मिळतो, ज्यात बैल बांधतात आणि पाण्याचा माठ ठेवतात, ती ‘शेड’. त्याच झाडाचा जमिनीवर पडलेला आकार, ज्यात फांदी न् फांदी ओळखू येते, तो ‘शॅडो’. शेड ही जागा आहे आणि शॅडो ही आकृती आहे. संध्याकाळी लांब होते ती तुझी शॅडो. ती मोजता येते, म्हणून दोन माणसांच्या दोन शॅडो. ऊन लागू नये म्हणून तू जिथे जाऊन उभी राहतेस ती शेड, आणि ती मोजली जात नाही. म्हणून तुझे वाक्य ‘वी सॅट इन द शेड ऑफ अ ट्री’ असे हवे होते. दवाखान्यात एक्स-रेवर डाग दिसला की डॉक्टर ‘शॅडो’ म्हणतात, तेही आकृतीच दिसते म्हणून. तुझ्या चुकीत एक चांगली गोष्टही आहे : मराठीत या दोहोंना एकच शब्द पुरतो हे ती चूक झाल्यामुळे तुला कळले.

प्रश्न : कार्यालयातील पत्रव्यवहारात ‘प्लीज रिव्हर्ट’, ‘प्रीपोन’ आणि ‘पास आउट’ हे शब्द वापरावेत की टाळावेत?
— एक शासकीय कर्मचारी, ठाणे

उत्तर : तिघांना एकच न्याय लावता येणार नाही. ‘रिव्हर्ट’ म्हणजे पूर्वस्थितीला परत जाणे. भाडेपट्ट्याची मुदत संपली की जमीन मूळ मालकाकडे ‘रिव्हर्ट’ होते. उत्तर पाठवावे असे म्हणायचे असेल तर ‘रिप्लाय’ हा साधा शब्द असताना दुसऱ्या शब्दाला वेठीला धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘प्रीपोन’ची गोष्ट वेगळी आहे. बैठक ठरल्या वेळेच्या आधी घेण्यासाठी इंग्लंडमध्ये ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणतात, पण ‘पोस्टपोन’च्या जोडीला आपल्याकडे रुजलेला हा शब्द नेमका आहे आणि भारतीय इंग्रजीतला शब्द म्हणून ऑक्सफर्डच्या कोशांत त्याची नोंदही झाली आहे. देशातल्या देशात तो निःसंकोच वापरावा. ‘पास आउट’ म्हणजे सामान्य बोलण्यात शुद्ध हरपणे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून छात्र बाहेर पडतात ती ‘पासिंग आउट परेड’ हा लष्करी प्रयोग योग्य आहे. परंतु महाविद्यालयातून पदवी घेतल्याचे सांगताना ‘ग्रॅज्युएट’ हेच क्रियापद घ्यावे.

प्रश्न : ‘स्टेशनरी’ या शब्दाची दोन स्पेलिंगे का आहेत?
— एक दुकानदार, चिपळूण

उत्तर : कारण ते दोन शब्द आहेत. ‘ए-आर-वाय’ने संपतो त्याचा अर्थ स्थिर, जागेवरून न हलणारा, ‘ई-आर-वाय’ने संपतो तो म्हणजे वह्या, कागद, लेखण्या. दोघांचे मूळ मात्र एकच आहे. मध्ययुगीन युरोपात बहुतेक विक्रेते फेरीवाले असत. एका जागी दुकान मांडून बसणारा तो ‘स्टेशनर’, आणि असे स्थिर दुकान प्रामुख्याने ग्रंथ विकणाऱ्यांचे असे. त्यांच्या मालाला पुढे ‘स्टेशनरी’ म्हणू लागले. आपल्या दुकानाच्या पाटीवर ‘ई’ हवा. ‘एन्व्हलप’मधला ‘ई’ आठवला की विसर पडणार नाही.

प्रश्न : ‘गूस’चे अनेकवचन ‘गीस’ होते, मग ‘मॉंगूस’चे ‘मॉंगीस’ का होत नाही? आणि ‘डिअर’चे अनेकवचन ‘डिअर’च कसे राहते?
— एक शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : ‘मॉंगूस’चा ‘गूस’शी काडीचाही संबंध नाही, कारण तो आपलाच ‘मुंगूस’ आहे. मराठीतून तो शब्द इंग्रजीत गेला आणि तेथल्या लोकांच्या कानाला त्यात ओळखीचा ‘गूस’ ऐकू आल्याने त्याचे स्पेलिंगही तसे वळले. ‘गूस-गीस’, ‘फुट-फीट’, ‘टूथ-टीथ’ या जोड्यांतला स्वरबदल इंग्रजीच्या फार जुन्या अवस्थेतला आहे. त्यानंतर बाहेरून आलेल्या पाहुण्या शब्दाला तो लागू होत नाही. म्हणून इंग्रजीत ‘मॉंगूसेस’ म्हणावे. काही कोशांत ‘मॉंगीस’ हेही रूप क्वचित आढळते, तरी वर्गात ते शिकवू नये.

‘डिअर’चे उत्तर मला फार प्रिय आहे. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ हरीण असा नसून कोणताही पशू असा होता. जर्मन भाषेत त्याचा भाऊ ‘टिअर’ आजही पशू याच अर्थाने नांदतो. आपल्या ‘मृग’ शब्दाचे अगदी तसेच झाले. संस्कृतात मृग म्हणजे मुळात कोणतेही वन्य जनावर, म्हणूनच शिकारीला मृगया म्हणतात, आणि सिंहाला मृगेंद्र म्हणतात ते तो पशूंचा राजा म्हणून. पुढे दोन्ही शब्द आपापल्या देशांत आकसत जाऊन एकाच प्राण्यावर येऊन थांबले. जुन्या इंग्रजीत या वर्गातल्या काही नामांना अनेकवचनाचा प्रत्ययच लागत नसे. ‘शीप’ हेही त्यांतलेच. विद्यार्थ्यांना हे विचित्र वाटले तर त्यांना मराठीतली अकारान्त पुल्लिंगी नामे दाखवावीत : एक देव, दोन देव, एक दगड, दहा दगड, एक मृग, अनेक मृग. हे म्हणताना मराठी मूल कधी अडखळत नाही, तसेच ‘वन डिअर, मेनी डिअर’ म्हणायला सांगावे.