कॅमेरा चालू, चित्र बेपत्ता
वाचकांचे प्रश्न : नेटवर्क कॅमेरे आणि मीडिया सर्व्हर

प्रश्न : कॅमेऱ्याची आरटीएसपी लिंक (थेट चित्र मागवण्याचा पत्ता) व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडते, पण मीडिया सर्व्हरला (कॅमेऱ्याचं चित्र घेऊन बघणाऱ्यांना पुरवणारं सॉफ्टवेअर) दिली की ४०१ एरर, म्हणजे ‘ओळख पटली नाही’, येते. पासवर्ड दहा वेळा तपासला. दुसरा कॅमेरा जोडला जातो, पण त्याचं चित्र मधूनच राखाडी होऊन ओघळतं.

उत्तर : पासवर्डात @, #, : किंवा / आहे का, ते आधी बघा. व्हीएलसी नाव आणि पासवर्ड वेगळ्या चौकटीत विचारतं, म्हणून तिथे काही अडत नाही. सर्व्हरला आपण ते लिंकमध्येच कोंबून देतो. मग पासवर्डातल्या @ पासूनच कॅमेऱ्याचा पत्ता सुरू झाला असं समजलं जातं. एकतर पत्ता सापडत नाही, नाहीतर अर्धाच पासवर्ड पुढे जातो. @ च्या जागी %४० आणि # च्या जागी %२३ लिहा (अंक अर्थात इंग्रजी). त्याहून सोपं म्हणजे सर्व्हरसाठी कॅमेऱ्यात फक्त बघण्यापुरता वेगळा यूजर काढा आणि त्याचा पासवर्ड लांबलचक, पण नुसत्या अक्षर-आकड्यांचा ठेवा.

एक गोम आहे. पासवर्ड काही वेळा चुकला की बरेच कॅमेरे ते खातं थोडा वेळ बंद करतात, आणि सर्व्हर तर दर काही सेकंदांनी दार ठोठावतच असतो. त्यामुळे लिंक दुरुस्त करूनही एरर जात नाही. सर्व्हर थांबवा, अर्धा तास जाऊ द्या, मग नवी लिंक द्या.

ओघळणाऱ्या चित्राचा दोष बहुधा यूडीपीचा, म्हणजे पोच न घेता पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीचा. १०० किलोबाइटची एक की-फ्रेम (अख्खं चित्र असलेली फ्रेम; मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल असतात) म्हणजे साधारण ७० पॅकेट, आणि ती एका दमात येऊन आदळतात. त्यातलं एक जरी गळालं तरी पुढची की-फ्रेम येईपर्यंत चित्र फाटलेलंच राहतं. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये या कॅमेऱ्यासाठी ट्रान्सपोर्ट टीसीपी करा. मग चित्र, आवाज, सगळं ५५४ या एकाच पोर्टवरून येतं आणि गळालेलं पॅकेट पुन्हा मागवलं जातं. टीसीपी करूनही चित्र अडखळत मागे पडू लागलं, तर वाहिनीच अपुरी आहे. १६ कॅमेरे प्रत्येकी ४ एमबीपीएसने पाठवत असतील तर ६४ एमबीपीएस होतात; १०० एमबीपीएसच्या स्विचवर ते कागदावर बसतात, पण सगळ्यांच्या की-फ्रेम एकत्र आल्या तर बसत नाहीत.

प्रश्न : ब्राउझरमध्ये चित्र १५ सेकंद उशिरा दिसतं. एचएलएसचा (व्हिडिओ तुकड्यातुकड्यांनी पाठवण्याची पद्धत) तुकडा १ सेकंदाचा केला, काही फरक नाही.

उत्तर : तुकडा सर्व्हर पाडतो, पण कुठे पाडायचा ते कॅमेरा ठरवतो. तुकड्याची सुरुवात की-फ्रेमनेच व्हावी लागते. कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम देतोय आणि की-फ्रेमचं अंतर १०० ठेवलंय असं धरा : दर ४ सेकंदांनी एक की-फ्रेम. सर्व्हरला तुम्ही १ सांगा नाहीतर अर्धा, तुकडा ४ सेकंदांचाच होणार. प्लेअर साधारण तीन तुकडे हाताशी घेऊन मग सुरू होतो; झाले १२, वर नेण्या-आणण्याचा वेळ. कॅमेऱ्याच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये हे अंतर २५ करा. उशीर चार-पाच सेकंदांवर येईल. बिटरेट थोडा वाढवावा लागेल, कारण की-फ्रेम जड असतात.

तरीही फरक पडला नाही, तर कॅमेऱ्यातला ‘स्मार्ट’ किंवा ‘प्लस’ नावाचा कोडेक (चित्र-आवाज दाबून लहान करण्याची पद्धत) बंद करा. हालचाल नसली की तो की-फ्रेमचं अंतर आपणच लांबवतो. साठवणुकीसाठी तो गुणी आहे, थेट प्रक्षेपणासाठी नाही.

एका सेकंदाच्या आत चित्र हवं असेल तर एचएलएसच्या मागे लागू नका, वेबआरटीसी (ब्राउझरला चित्र थेट, तुकडे न पाडता देण्याची पद्धत) वापरा. मात्र त्याला बी-फ्रेम (मागच्या-पुढच्या दोन्ही फ्रेमवर अवलंबून असलेल्या फ्रेम) चालत नाहीत (प्रोफाइल ‘बेसलाइन’ करा) आणि एएसी कोडेकचा आवाजही चालत नाही. कॅमेऱ्यात जी.७११ हा आवाजाचा कोडेक निवडलात तर आवाज जसाच्या तसा जातो. पण तोच जी.७११ एचएलएसमध्ये मुका. तिथे एएसी चालतो. दोन्हीकडे आवाज हवा असेल तर सर्व्हरवर फक्त आवाज बदलून घ्या, त्याचा भार नगण्य असतो.

प्रश्न : एकाच लिंकवर काहींना चित्र दिसतं, काहींना आवाज येतो पण पडदा काळा.

उत्तर : कॅमेरा बहुधा एच.२६५ या व्हिडिओ कोडेकवर आहे. एफएफप्रोबला (स्ट्रीमचा तपशील दाखवणारं साधन) लिंक द्या, व्हिडिओसमोर ‘एचईव्हीसी’ (एच.२६५ चंच दुसरं नाव) आलं की खात्री झाली. हा कोडेक काही ब्राउझर आणि यंत्रं उलगडतात, काही नाही. कॅमेऱ्यातच एच.२६४ करा. मुख्य स्ट्रीम रेकॉर्डिंगसाठी एच.२६५ वर ठेवायची असेल, तर सबस्ट्रीम (कॅमेऱ्याची दुसरी, हलकी स्ट्रीम) एच.२६४ करून सर्व्हरला ती द्या. सर्व्हरवर व्हिडिओ ट्रान्सकोड करणं (दुसऱ्या कोडेकमध्ये बदलणं) हा शेवटचा उपाय : एका कॅमेऱ्याला निभावतं, आठ झाले की प्रोसेसर धापा टाकतो.

प्रश्न : स्ट्रीम बरोबर एका मिनिटाने तुटते.

उत्तर : ‘बरोबर’ हाच धागा. आरटीएसपी सत्राची मुदत सहसा ६० सेकंद असते. तेवढ्यात ‘मी अजून बघतोय’ अशी खूण मिळाली नाही की कॅमेरा फोन ठेवतो. यूडीपीवर असाल तर मधला फायरवॉल ही खूण अडवत असू शकतो, म्हणून आधी टीसीपी करून बघा. मग सर्व्हरच्याच यंत्रावरून तीच लिंक एफएफएमपेग या साधनाने दोन मिनिटं चालवा. टिकली तर दोष सर्व्हरच्या सॉफ्टवेअरचा, त्याची नवी आवृत्ती टाका. तिथेही तुटली तर कॅमेऱ्याचं फर्मवेअर किंवा मधली वाट बघा.

प्रश्न : मीडियाएमटीएक्स या मीडिया सर्व्हरवर वेबआरटीसी आतल्या नेटवर्कवर चालतं. बाहेरून पान उघडतं, चित्र येत नाही.

उत्तर : तुम्ही राउटरवर ८८८९ पोर्ट उघडलं असणार; ते फक्त पान आणि जोडणीची बोलणी यांचं पोर्ट. चित्र यूडीपी ८१८९ वरून जातं. राउटरवर तेही सर्व्हरकडे वळवा आणि सर्व्हरच्या ‘अतिरिक्त होस्ट’ सेटिंगमध्ये बाहेरचा आयपी लिहा, नाहीतर तो बघणाऱ्याला आपला १९२.१६८ चा घरातला पत्ता देत बसतो. कॅमेऱ्याचं ५५४ मात्र बाहेर उघडू नका.