चिठ्ठी लिहून काम संपत नाही

अनेक आशीर्वाद.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मानसशास्त्रज्ञ म्हणून रुजू झालास, फार बरं वाटलं. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ सालचं; पण दूरच्या वाडीवरून दर महिन्याला तिथवर यायचं तर मजुरी बुडते. म्हणून तुमची टीम गावांकडे जाते. मानसोपचारतज्ज्ञ, सोशल वर्कर, सिस्टर आणि तू. या चौघांचं एकमेकांशी बोलणं किती आहे, याची परीक्षा आंब्याच्या दिवसांत होते.

लिथियम, म्हणजे मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध, घेणारा एखादा गडी भर उन्हात कलमावर चढून आंबे काढतो. घामाने निथळतो, पाणी कमी पितो. संध्याकाळी कंबर धरते म्हणून मेडिकलमधून आयब्युप्रोफेन आणतो. अंगातलं पाणी-मीठ घटलं की मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात, त्यात ही गोळी भर घालते. हात जास्तच थरथरायला लागतात, मग उलट्या, जुलाब, चालताना तोल जातो. घरचे म्हणतात, ऊन लागलं. पीएचसीतल्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना लिथियमचं ठाऊक नसेल तर तेही जुलाबाचंच औषध देतील. खरं तर लिथियमची गोळी तिथेच थांबवून रक्तातली त्याची पातळी तातडीने बघायला हवी.

आता बघ, लिथियम तज्ज्ञांना माहीत, कंबरदुखी मेडिकलवाल्याला, आणि कपातला चहा बशीत सांडतो हे बायकोला नि आशाताईला. डोस ठरवणं तुझं काम नाही, पण तासभर समोर बसतोस तेव्हा ते हात तुलाही दिसतात. दिसले की लगेच डॉक्टरांना फोन कर. ‘पुढील तपासणीसाठी’ एवढंच लिहून पाठवू नकोस. काय दिसलं, कधीपासून, कोणती गोळी चालू आहे, ते लिही.

गुप्ततेची काळजी तुला वाटणारच. उपचारासाठी लागेल तेवढी माहिती दुसऱ्या डॉक्टरांना, सिस्टरना द्यायला २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा परवानगी देतो. आशाताईंचं मात्र जपून. त्या त्याच वाडीतल्या, कुणाच्या तरी भावकीतल्या. रुग्णाला विचार, हो म्हणाला तर सांग, तेही फक्त गोळ्या आणि धोक्याच्या खुणा. घरातलं भांडण तुझ्याचपाशी राहू दे.

देवळात गाऱ्हाणं घालून आलेत म्हणून कुणाला बोलू नकोस. गोळ्या चालू ठेवा, एवढंच म्हण.

मार्च संपायच्या आत सिस्टरकडून लिथियमवरच्या सगळ्यांची यादी घे आणि त्यांच्या पीएचसीच्या डॉक्टरांशी बोलून घे. फोन लागला नाही तर सोशल वर्करला विचार. कुठल्या गावात कुणाला गाठायचं, ते त्यांना ठाऊक असतं.