धरण मोठं म्हणजे पक्षी जास्त, असं नसतं

तुम्ही लिहिलंय, रविवारी अकरा वाजता मुलांना घेऊन नाशिकच्या गंगापूर धरणावर गेलो, चार बगळे आणि एक पाणकावळा दिसला; यंदा थंडीचे पाहुणे आलेच नाहीत का, आणि दुर्बीण कुठली घ्यावी? पाहुणे आलेत. तुम्ही त्यांना भरल्या पाण्यावर शोधत होतात.

थापट्या, तलवार बदक, चक्रांग ही थंडीची पाहुणी बदकं सहसा बुडी मारत नाहीत. डोकं खाली, शेपूट वर करून मान पोहोचेल तेवढंच चरतात. त्यांना हातभर पाणी पुरतं. धरणाच्या भिंतीपाशी पाणी कित्येक पुरुष खोल, तिथे त्यांना काय मिळणार! चिखलपायी पक्ष्यांना तर पाण्यापेक्षा ओला काठच हवा.

म्हणून निफाड तालुक्यातल्या नांदूरमध्यमेश्वरला जा. गोदावरी-कादवेच्या संगमावरचा हा बंधारा इंग्रजांच्या काळातला. तेव्हापासून साचलेला गाळ पाटबंधारेवाल्यांना नकोसा, पण उथळ पाणी, पाणवनस्पती आणि बेटं झाली ती त्याच्याच कृपेने. राज्यात रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा मान, पहिल्यांदा मिळाला तो यालाच, २०१९ साली.

तिथेही एक मेख आहे. वरच्या धरणांतून आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाळीने सोडलेलं पाणी, सुटलं की पाणी चढतं, चिखल बुडतो, तुतवार-शेकाट्यांसारखे चिखलपायी पांगतात. पाणी उतरलं की चार दिवसांत तोच काठ गजबजतो. निघण्याआधी आवर्तन चालू आहे का, एवढं त्या बाजूच्या कुणा शेतकऱ्याला विचारा. माझ्या मते तारखेपेक्षा हे महत्त्वाचं.

उजाडताना चापडगावच्या मनोऱ्याच्या बाजूला पोचा. निफाडचा पारा किती उतरतो माहीत आहेच, मुलांना कानटोप्या घाला. धुकं असलं तर घाई नको, आवाज ऐकत थांबा. ऊन पाठीशी येईल अशी जागा धरा, नाहीतर सगळी बदकं काळीच दिसतात.

मुलांना आधी वारकरी दाखवा: काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा, लगेच ओळखू येतो. मग थापट्यांचा घोळका शोधा. ते एकामागोमाग गोल फिरत राहतात. एकाच्या पायांनी ढवळून वर आलेलं मागचा आपल्या रुंद चोचीत घेतो. चोचीच्या कडेला बारीक दातेरी झालर असते, पाणी बाहेर, किडे आत, अगदी चहाच्या गाळणीसारखं. आणि सगळा थवा एकदम उठला तर बदकांकडे नका बघू, वर बघा. बहुतेक वेळा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पंख इंग्रजी व्हीसारखे धरून कमी उंचीवरून घिरट्या घालत येत असतो.

ऑक्टोबरात गेलेले लोक 'सगळी बदकं मातकटच' म्हणून परततात. नरांना तेव्हा रंग आलेला नसतो. डिसेंबर-जानेवारीत तलवार बदकाची पांढरी मान लांबूनही चमकते.

गंगापूरलाच जायचं असेल तर भिंत सोडा, बॅकवॉटरचा उथळ कोपरा गाठा. पाणी ओसरलेल्या काठावर चक्रवाकाची जोडी भेटायची शक्यता बरी असते.

दुर्बीण आठ बाय बेचाळीसची घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची. दहाची दुकानदार गळ्यात मारतात, पण हात हलतो आणि मुलं कंटाळतात. पहिल्या फेरीला कॅमेरा घरी ठेवलात तरी चालेल. ड्रोन मात्र अजिबात नको, नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य आहे.